चौकाला नाव आहे, हकीकत नाही

करी रोडचं लालबाग, चर्नी रोडचं गिरगाव, कॉटन ग्रीनचं काळाचौकी. मार्च २०२४मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मुंबईतल्या काही लोकल स्थानकांची नावं बदलायला मंजुरी दिली, तेव्हापासून आमच्या शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हा वाद अधूनमधून पेट घेतो. साहेबाची नावं किती दिवस मिरवायची, असं एक जण म्हणतो. पाटी बदलून गर्दी कमी होणार आहे का, असं दुसरा विचारतो. मी मूळचा परळचा, आता बरीच वर्षं अमेरिकेत, व्हर्जिनियात राहतो. स्थानकाला लालबाग नाव मिळावं असंच मला मनापासून वाटतं. पण आपली सगळी ताकद नावावरच खर्ची पडते आणि त्या जागी काय घडलं हे कुठेच लिहिलं जात नाही, याचं वाईट वाटतं.

व्हर्जिनियात रस्त्याच्या कडेला खांबांवर चंदेरी पाट्या दिसतात, काळ्या अक्षरांच्या. १९२७पासून त्या लावल्या जाताहेत आणि आता अडीच हजारांच्या वर आहेत. साधारण शंभर शब्दांत कोण, कधी, इथे काय झालं ते लिहिलेलं असतं. खाली सरकारी विभागाचं नाव आणि वर्ष. प्रस्ताव कोणीही देऊ शकतो. सोबत पुरावे जोडावे लागतात, इतिहासकार मजकूर तपासतात, मग मंडळ मंजुरी देतं. पाटीचा खर्च प्रस्ताव देणाऱ्याचा. हयात माणसाच्या नावाने पाटी लागत नाही.

आर्लिंग्टनमध्ये काउंटीने लावलेली अशीच एक पाटी मला फार आवडते. ती आहे एका ऑफिसच्या इमारतीखालच्या पार्किंगची. एफबीआयचे दुसऱ्या क्रमांकाचे अधिकारी मार्क फेल्ट इथे पत्रकार बॉब वुडवर्डना गुपचूप भेटायचे आणि राष्ट्राध्यक्ष निक्सन यांना पायउतार व्हायला लावणाऱ्या वॉटरगेट प्रकरणाची माहिती द्यायचे. इमारतीत बघण्यासारखं काहीही नाही, तरी २०११मध्ये बाहेर पाटी लागली. आपल्याकडे वारसा म्हटलं की घुमट, कमानी आणि रंगीत काचा डोळ्यांसमोर येतात. १९९५च्या नियमावलीमुळे मुंबईतल्या कितीतरी देखण्या इमारती वाचल्या, ते फार मोठं काम झालं. पण १८ जानेवारी १९८२ला सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले, त्याची हकीकत कुठल्या कमानीवर शोधायची? फिनिक्स मिलच्या जागी मॉल आहे. तिथे खरेदीला येणाऱ्या कॉलेजच्या पोरांना हे दोन ओळींत सांगायला काय हरकत आहे?

काळबादेवीत १२ डिसेंबर १९३०ला बाबू गेनू हा गिरणी कामगार विदेशी कापडाच्या ट्रकपुढे आडवा झाला आणि चिरडला गेला. त्याचं नाव रस्त्याला आहे, शाळेच्या पुस्तकात आहे. पण रस्त्याच्या नावातून ट्रक कळत नाही, कापड कळत नाही, तो कामगार होता हेही कळत नाही. आपल्या चौकांतले ग्रॅनाइटचे नामफलक आठवून बघा. ज्याचं स्मरण करायचं त्याचं नाव एका ओळीत. मग कोणाच्या शुभहस्ते, कोणाच्या प्रयत्नाने, कोणाच्या निधीतून, प्रमुख उपस्थिती कोणाची. दगडावर जागा नसते असं म्हणायची सोय नाही.

ग्रुपवर मी हे लिहिलं तेव्हा एका जुन्या मित्राने सुनावलं : तिकडून बोलायला काय जातंय, इथे पाटीवर आठवड्यात वाढदिवसाचा बॅनर लागेल. लागेलही. पण आपल्याकडे एक गोष्ट आहे जी व्हर्जिनियात नाही. इथल्या बहुतेक पाट्यांसमोरून गाड्या भरधाव जातात. थांबून वाचणारा विरळा. मुंबईत माणूस पायी चालतो, बसची वाट बघत उभा राहतो. नाक्यावरच्या फळ्यावर सुंदर अक्षरात लिहिलेला सुविचार, निधनाची बातमी, पाणी कधी येणार नाही याची सूचना, सगळं येता-जाता वाचलं जातं. सेंट थॉमस कॅथेड्रलपासूनचं अंतर सांगणारे इंग्रजी अमलातले मैलाचे दगड पालिकेने हल्लीच डागडुजी करून पुन्हा नीट उभे केले. दगडांसाठी जे जमलं ते माणसांसाठीही जमेल.

मजकूर कोण ठरवणार, हा प्रश्न मात्र खरा अवघड आहे. व्हर्जिनियाच्या जुन्या पाट्यांवर यादवी युद्धातले सेनापती आणि लढाया यांचीच गर्दी होती, गुलामांबद्दल फारच थोडं होतं. गेल्या काही दशकांत लोकांनी नेटाने नवे प्रस्ताव दिले, तेव्हा चित्र बदललं. फार्मविलच्या मोटन हायस्कूलसमोरही आज पाटी आहे. १९५१मध्ये सोळा वर्षांच्या बार्बरा जॉन्सने गोऱ्यांच्या शाळांसारखी शाळा आम्हालाही हवी म्हणून तिथे विद्यार्थ्यांचा संप घडवला. ज्या राज्याने पुढे कृष्णवर्णीय मुलांना शेजारी बसू देण्यापेक्षा शाळाच बंद ठेवल्या, त्याच राज्याची ही पाटी.

आपण एवढं लिहू? परळच्या बीआयटी चाळीत बाबासाहेब वीसेक वर्षं राहिले, हे आपण अभिमानाने लिहू आणि लिहायलाच हवं. पण जानेवारी १९७४मध्ये दलित पँथरच्या सभेनंतर वरळीच्या बीडीडी चाळींत दंगल उसळली, हेही पाटीवर यायला हवं. नुसता गौरव लिहायचा असेल तर ग्रॅनाइटचे फलक आहेतच.

आणि वेळ थोडा आहे. ऑगस्ट २०२५मध्ये वरळीच्या ५५६ कुटुंबांना नव्या इमारतींत घरांच्या चाव्या मिळाल्या. एकशे साठ चौरस फुटांतून माणसं पाचशेत गेली, त्याचा मला निखळ आनंद आहे. चाळ राखून ठेवा असं परदेशात बसून सांगायचा मला अधिकार नाही. पण उरलेल्या चाळी पाडण्याआधी म्हाडाने रहिवाशांकडून भाडेपावत्या, फोटो, मंडळांच्या वह्या मागवाव्यात, विद्यापीठातल्या इतिहासाच्या प्राध्यापकांकडून मजकूर तपासून घ्यावा आणि नव्या फाटकाबाहेर, फुटपाथवरून वाचता येईल अशी मराठी पाटी लावावी. खर्चासाठी वर्गणी काढू. माझी पहिली धरा, आणि पाटीवर देणगीदारांची नावं नकोत.