बायॉप्सीला सीटी स्कॅनच हवा असं नाही

‘फुफ्फुसातल्या गाठीची सुई-बायॉप्सी सीटीखालीच करतात’ हे लेखातलं वाक्य अर्धवट आहे. (सुई-बायॉप्सी म्हणजे सुईने गाठीचा तुकडा तपासणीसाठी काढणं; सीटीखाली म्हणजे सीटी स्कॅनच्या क्ष-किरण चित्रांत सुईची जागा बघत.) सोनोग्राफीच्या लहरी हवेतून जात नाहीत, म्हणून खोलवरच्या गाठीला सीटी लागतो, मान्य. पण गाठ छातीच्या भिंतीला टेकलेली असेल तर सोनोग्राफीवर सुई सरकताना तिथल्या तिथे दिसते, आणि क्ष-किरणही नकोत. लालबागच्या आमच्या काकांची अशीच झाली.

तीही दुसऱ्या खेपेला! पहिली सीटीखाली, अगदी गाठीच्या मधोमध सुई. रिपोर्टात नुसत्या मृत पेशी. मोठ्या गाठीचा मधला भाग बऱ्याचदा मेलेला असतो, हे लेखात हवं होतं. पेट स्कॅनमध्ये, म्हणजे जिवंत, सक्रिय पेशी उजळून दाखवणाऱ्या तपासणीत, कडेचा भाग उजळला, तिथला तुकडा घेतला तेव्हा कुठे निदान झालं. मधले तीन आठवडे काकूने कसे काढले, तिचं तिला माहीत.