नवऱ्याचं रक्त कोण घेणार?

घणसोलीतल्या एका लॅबमध्ये काम करते. म्हणून हे लिहितेय, नाहीतर आपल्याकडे शरीरसंबंधातून लागणाऱ्या आजारांवर बाया आपसातसुद्धा बोलत नाहीत.

बाळंतपणासाठी नाव नोंदवलं की हिमोग्लोबिन, शुगरच्या जोडीला एचआयव्ही, एचबीएसएजी (हिपॅटायटिस बी, म्हणजे काविळीची) आणि व्हीडीआरएल या तपासण्या होतातच. व्हीडीआरएल ही सिफिलिस या शरीरसंबंधातून लागणाऱ्या आजाराची तपासणी, हे बहुतेकींना कुणी सांगत नाही. फॉर्मवर मोबाईल नंबर विचारला तर "ह्यांचाच लिहा, माझ्यात रिचार्ज नाही." म्हणजे तिच्या रक्ताचा रिपोर्ट व्हॉट्सॲपवर आधी नवरा वाचणार. त्यात 'रिॲक्टिव्ह', म्हणजे पॉझिटिव्ह, दिसलं की झालं! सासू विचारणार, हिला कुठून लागलं?

अहो, थांबा जरा. गरोदरपणात व्हीडीआरएल खोटीही पॉझिटिव्ह येते. खात्री करणारी पुढची टेस्ट, टीपीएचए, होईपर्यंत तिच्या माहेरी फोन फिरवू नका.

आणि खरंच सिफिलिस निघाला तरी तो तिच्यापासूनच सुरू झाला, हे कुणी ठरवलं? पुरुषाला पहिली जखम होते ती दुखत नाही, आपोआप भरते, गडी निवांत. इकडे उपचार झाले नाहीत तर मूल पोटातच दगावू शकतं किंवा आजार घेऊनच जन्मतं. २०२२ साली जगात अशी सुमारे ७ लाख प्रकरणं झाली, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. औषध काय, तर बेंझाथीन पेनिसिलीन, २४ लाख युनिट, कमरेत. आजार जुना असेल किंवा कधीचा ते कळत नसेल तर आठवड्याच्या अंतराने तीन वेळा. दुखतं खूप, पण स्वस्त आहे, आणि प्रसूतीच्या निदान महिनाभर आधी मिळालं तर बाळ बहुतेक वाचतं.

पण बाहेर बाकड्यावर रील बघत बसलेल्या नवऱ्याला "तुम्हीही रक्त द्या" म्हटलं की "मला काय झालंय?" तेच तर बघायचंय ना, दादा! तिने इंजेक्शनं सोसायची आणि याच्याकडून परत लागण करून घ्यायची, याला उपचार म्हणतात का?

क्लॅमायडिया, गनोरिया या अशाच लागणाऱ्या दुसऱ्या आजारांची तर नेहमीच्या तपासण्यांत टेस्टच नसते, आणि पुष्कळ बायकांना लक्षणंही नसतात. त्यामुळे गरोदर बायकांत या आजारांचं प्रमाण कमी आहे असं कुणी म्हटलं की मला हसू येतं. शोधलंय कुणी?

माझं म्हणणं एवढंच, नाव नोंदवतानाच दोघांचं रक्त घ्या. सोनोग्राफीला जोडीने येताच की! पैशांचं कारण नको. कळव्याच्या किंवा वाशीच्या महापालिका रुग्णालयात आयसीटीसीत, म्हणजे एचआयव्ही समुपदेशन आणि तपासणी केंद्रात, दोघांचीही एचआयव्ही तपासणी फुकट होते, व्हीडीआरएलचंही तिथेच विचारा. आणि फॉर्मवर नंबर तिचाच लिहा, रिचार्ज मारून द्या.