लंपन, आणि आमच्या घरचा चहा

संसाराच्या गोंगाटात कथा सुचत नाही, लेखकाला एकांतच हवा, हे एका लेखात वाचलेलं म्हणणं काही पटलं नाही. कथाकार प्रकाश नारायण संतांचंच बघा की. आई इंदिरा संत, वडील ना. मा. संत, दोघंही लिहिणारे. वडील १९४६ साली गेले तेव्हा हे जेमतेम नऊ वर्षांचे. आजी-आजोबांकडे वाढलेल्या त्या मुलातूनच पुढे त्यांच्या कथांमधला छोटा लंपन आला, पण त्याच्या कथांचा ‘वनवास’ हा संग्रह पुस्तकरूपात यायला १९९४ साल उजाडलं! घरातलं कागदावर यायला मुरावं लागतं, लोणच्यासारखं.

मीही हौसेनं लिहिते. एका दिवाळी अंकातल्या माझ्या कथेत एक बाई आहे. पाहुणे दारात दिसले की ती चहाच्या आधणात मुकाट्यानं अर्धा पेला पाणी वाढवते, आणि स्वतःचा कप मात्र सगळ्यांत शेवटी, चोथा पिळून भरते. अंक पोचल्यावर आत्याचा फोन, “मी कधी गं असं केलं?” खरं तर ती सवय आईची. आईनं कथा वाचली, चष्मा पुसला आणि म्हणाली, “वन्संना अगदी बरोब्बर पकडलंस हो!”