हिला डास आवडत नाहीत

आत्या अटलांटाला आली तेव्हा पाहुण्यांना दाखवायची ठरलेली ठिकाणं मी पुढे केली. ती मात्र साताऱ्याहून निघतानाच ठरवून आली होती: ओकेफेनोकी. जॉर्जियाच्या पार दक्षिणेला, फ्लोरिडाला टेकलेली, चार लाख एकरांहून मोठी दलदल. "तिथे सारासेनिया मायनर आहे," ती एका वनस्पतीचं नाव घेत म्हणाली, जणू सख्खी मावशीच राहते तिथे. कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवलेल्या बाईशी वाद कोण घालणार?

भाड्याने कनू घेतली. दोघांनीही वल्हवायचं, असं आम्हाला बजावलं होतं. आत्याने वल्हं मांडीवर आडवं ठेवलं आणि त्यावर वही.

सुवानी कालव्यातून निघालो. दलदल उपसून कोरडी करायची म्हणून 1890च्या दशकात एका कंपनीने तो खणायला घेतला. पैसे संपले, दलदल आहे तिथेच. दंड भरून यायला लागले तसा मला त्या कंपनीचा उमाळा यायला लागला. कुजलेल्या पाल्यातल्या टॅनिनमुळे पाणी काळंभोर, आणि इतकं निवांत की माझा घामेजलेला चेहरा त्यात स्वच्छ दिसत होता.

"आत्या, मगर!"

"मगर नव्हे, अ‍ॅलिगेटर. जबडा रुंद बघ. वल्हव."

शेवटी मावशी भेटल्या. हिरव्या नळ्या, वर वाकलेली टोपी, टोपीच्या पाठीवर पांढुरक्या खिडक्या. दलदलीच्या मातीत नायट्रोजनची बोंब, म्हणून ही किडे खाते. आत शिरलेला किडा खिडकीतल्या उजेडाकडे झेपावतो, आपटतो, पुन्हा झेपावतो आणि दमून नळीत पडतो. खरं दार त्याच्या मागे सताड उघडं असतं.

"मग हे डास का नाही जात आत?" मी मान खाजवत विचारलं.

"हिला मुंग्या लागतात. मुख्यतः."

जवळच पाण्यावर पिवळी फुलं होती. युट्रिक्युलारिया, आपल्या कासच्या सीतेच्या आसवांची भावंडं. पाण्याखाली इवल्या पिशव्या, केसाला धक्का लागला की झडप उघडते आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत शिकार आत ओढली जाते. "डासांच्या अळ्यासुद्धा खाते," आत्या म्हणाली. मी वल्हं ठेवून हात जोडले. आमच्याभोवतीचे डास मात्र केव्हाच वयात आलेले.

परतताना वारा समोरून. आत्या मधेच वळून माझ्याकडे तोंड करून बसली. कनू अशी डुलली की अ‍ॅलिगेटरनेही डोळा उघडला.

"आत्या, आता तरी वल्हव गं!"

"हलू नकोस जरा," ती वही उघडत म्हणाली. "तुझ्या गालावर बसलाय ना, त्याचे पाय नीट दिसत नाहीयेत."