मॅग्नेशियम ता मॅग्नेशियम

कोकणात मे महिन्यात घाम आला म्हणून कोणी डॉक्टरकडे जात नाही. गेलाच तर डॉक्टर स्वतःची मान पुसत विचारतात, "मग?" त्यामुळे माझ्या आजाराचं निदान व्हायला उशीर झाला. आजार म्हणायचं नाही, नैसर्गिक टप्पा म्हणायचं, असं दवाखान्यातल्या पत्रकांत छापलेलं असतं. ठीक आहे. पण नैसर्गिक तर वादळही असतं.

शिरोड्याला एका अंगाला समुद्र आणि दुसऱ्या अंगाला मिठागरं. मे महिन्यात सगळं गाव निथळत असतं. त्यात माझ्या एकटीच्या अंगातून निघणाऱ्या वाफा वेगळ्या ओळखायच्या कशा? ते पाऊस लागल्यावर कळलं. गाव गार झालं, सासूबाईंनी गोधडी काढली, नवऱ्याने पंखा एकवर आणला, आणि मी पडवीत उभी राहून झड तोंडावर घेत होते.

माझं वय अठ्ठेचाळीस. सलग बारा महिने पाळी आली नाही की मेनोपॉज झाला असं धरतात, आणि भारतात त्याचं सरासरी वय ४६-४७ आहे. म्हणजे मी अगदी वेळेवर होते. पाळी मात्र वेळेवर नव्हती. बारा महिने भरत आले की ती कोणाच्या तरी लग्नाच्या आदल्या दिवशी हजर व्हायची आणि मोजणी पुन्हा पहिल्यापासून.

मी एका पतसंस्थेत कॅश काउंटरला बसते. कॅशियरला पंख्याचं सुख नसतं, हे बाहेरच्यांच्या लक्षात येत नाही. पंखा जोरात केला की नोटा उडतात. म्हणून माझ्या डोक्यावरचा पंखा पाती मोजता येतील अशा बेताने फिरतो. त्याखाली पाचशेची गड्डी मोजत असताना पोटातून वाफ सुटते. ती छातीवर येते, मानेवर चढते, कान तापतात. चष्मा धुरकटतो. वरच्या ओठावर घामाचे थेंब उभे राहतात. बोटं एवढी ओली होतात की ओल्या स्पंजची डबी नुसती शोभेला उरते. एकदा पैसे काढायला आलेल्या मासेवालीने जाळीतून आत बघत खणखणीत आवाजात विचारलं, "तुझा तोंड कित्याक लाल झाला गो बाय? कॅश कमी पडली काय?"

मागची रांग एकदम गप्प झाली. पतसंस्थेत कॅशियरचं तोंड लाल होणं ही ठेवीदारांना चांगली बातमी नसते. दोघांनी तर मुदत ठेव आजच मोडता येईल का, याची चौकशीही केली. मॅनेजरने मला आत बोलावून दाराकडे बघत विचारलं, "मॅडम, घरी सगळं ठीक ना?" घरी सगळं ठीक होतं. बिघाड मेंदूत होता. तिथे हायपोथॅलॅमस नावाचा भाग शरीराचं तापमान सांभाळतो. इस्ट्रोजेन हे बायकांचं हॉर्मोन कमी झालं की तो इतका चिडका होतो की अंगातली उष्णता कणभर वाढली तरी आग लागल्यासारखी घंटा वाजवून कातडीखालच्या रक्तवाहिन्या उघडतो. हे मॅनेजरला सांगायचं कसं? मी म्हटलं, "ॲसिडिटी."

रात्रीची गोष्ट वेगळी. आमच्या शेजारचं गाव आरवली. तिथला वेतोबा रात्री गस्तीला फिरतो आणि त्याच्या चपला झिजतात, म्हणून लोक त्याला नव्या चपला वाहतात. गेलं वर्षभर तो आरवलीत फिरतोय आणि मी माझ्या घरात. माजघर, स्वयंपाकघर, पडवी, परत माजघर. माझ्याही चपला झिजल्या, पण मला कोणी वाहिल्या नाहीत. सासूबाईंनी अंधारातूनच सल्ला दिला, "झोप येणा नाय तर तांदूळ निवडूक बस."

पुण्याच्या लेकीला हे फोनवर कळलं आणि आठवड्याच्या आत पार्सल आलं. पांढरी डबी, त्यावर चंद्राचं चित्र, आत मॅग्नेशियम. "आई, सगळ्या घेतात. रात्री एक घे, झोप लागेल, वाफा कमी होतील, चिडचिड जाईल."

ती डबी फ्रिजवर ठेवली आणि घर बोलकं झालं. त्याआधी आमच्याकडे या विषयाला नाव नव्हतं. नवरा त्याला "तुझं ते" म्हणायचा. "तुझं ते चालू आहे का आता?" एवढं विचारून दोन पावलं मागे सरायचा. मेनोपॉजबद्दल बोलायला जे तयार नव्हते, ते मॅग्नेशियमबद्दल मात्र हिरीरीने बोलू लागले. दीर, जाऊ, समोरचे निवृत्त गुरुजी, गॅस सिलेंडर आणणारा मुलगा, सगळे. गुरुजींनी डबी हातात घेऊन ती पुराव्यासारखी उजेडात धरली. दर्शनी बाजूला ठळक अक्षरांत १००० मिलिग्रॅम. मागच्या बाजूला मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत लिहिलेलं, की हे हजार मॅग्नेशियम बिसग्लायसिनेटचे. त्यात प्रत्यक्ष मॅग्नेशियम १४० मिलिग्रॅम. बाकी सगळं ग्लायसिन, म्हणजे मॅग्नेशियमला हात धरून आत नेणारं अमिनो आम्ल. "म्हणजे दोघांच्या वजनाचं भाडं घेतलंय," गुरुजी म्हणाले. गणिताचे होते ते.

बाईला रोज साधारण ३२० मिलिग्रॅम लागतं, आणि गोळीवाटे ३५०च्या वर घेऊ नये असं अमेरिकेतलं मानक सांगतं. हा आकडा कळल्यावर नवऱ्याने कागद-पेन घेतलं. आमची काजूची बाग आहे. शंभर ग्रॅम काजूगरात २९०च्या आसपास मॅग्नेशियम. "घरची बाग असताना पुण्याहून गोळ्या?" असं म्हणून त्याने वाटीभर काजू समोर ठेवले आणि बोलता बोलता त्यातले अर्धे स्वतः खाल्ले. शंभर ग्रॅम काजूत साडेपाचशे कॅलरीही असतात, हे त्याच्या कागदावर नव्हतं. सासूबाईंनी नाचणीच्या आंबिलीची बाजू लावून धरली. नाचणीतही शंभर ग्रॅमला १४० आहे, म्हणजे त्यांचं म्हणणं पुस्तकात बसत होतं. पावसात टाकळ्याची भाजी सुरू झाली. तिचा हिरवेपणा ज्या क्लोरोफिलचा, त्याच्या प्रत्येक रेणूच्या मधोमध मॅग्नेशियमचा अणू बसलेला असतो. मग रोज टाकळा. शेवटी नवरा म्हणाला, "एवढा कशाक? समोर समुद्र आसा."

हे मात्र खरं निघालं. समुद्राच्या लिटरभर पाण्यात सव्वा ग्रॅमच्या वर मॅग्नेशियम असतं. पाव लिटरमध्ये दिवसाचा कोटा पुरा. वेळागरच्या किनाऱ्यावर तांब्या घेऊन गेलं की काम झालं. अर्थात पुढचा दिवस कुठे काढायचा, तेही ठरवून जावं लागेल. ज्या मिठासाठी १९३० साली शिरोड्यात सत्याग्रह झाला, लोकांनी लाठ्या खाल्ल्या, ते मीठ कुंड्यात धरल्यावर जे कडू पाणी उरतं त्यात हेच मॅग्नेशियम. मीठ आधी खाली बसतं, मॅग्नेशियम पाण्यातच राहतं. थोडं खड्यांना चिकटून घरी येतं आणि पावसाळ्यात हवेतली ओल ओढतं, म्हणून बरणीतलं खडं मीठ जुलैत पाणी सोडतं. बरणी आणि मी, दोघी एकाच महिन्यात पाझरत होतो. फरक एवढाच, की बरणीला कोणी "जरा शांत रहायला शीक" म्हणत नव्हतं.

गोळीने काही झालं का? सांगते. पण मधे एक प्रकरण आहे.

पहिली डबी संपली. पुढचं पार्सल पावसामुळे कुठेतरी घाटात मुक्कामाला होतं. मी रिकामी डबी घेऊन बाजारातल्या मेडिकलमध्ये गेले. तिथल्या मुलाने ती उलटसुलट केली, मागच्या फळीवरून दुसरंच पाकीट काढलं आणि ठेवलं. मी विचारलं, "हे तेच का? ग्लायसिनेट?"

"वयनी, मॅग्नेशियम ता मॅग्नेशियम. नाव वेगळा, माल तोच."

माल तोच नव्हता. ते ऑक्साइड होतं. त्यात मॅग्नेशियम भरपूर, वजनाच्या साठ टक्के, पण अंगी लागतं थोडंच. बाकीचं आतड्यात बसून राहतं आणि आजूबाजूचं पाणी आपल्याकडे ओढून घेतं. पोट साफ व्हायला जुनी माणसं जे मिल्क ऑफ मॅग्नेशिया घेत, ते याच घरातलं भावंड. हे सगळं मला रसायनशास्त्राच्या पुस्तकातून कळायला हवं होतं. कळलं ते सोमवारी, सव्वाअकरा वाजता, काउंटरवर.

कॅश काउंटर सोडून उठणं ही साधी गोष्ट नाही. ड्रॉवरला कुलूप लावायचं, चावी कमरेला खोचायची, रजिस्टर मिटायचं, "क्षमस्व" ची पाटी जाळीत अडकवायची, जाळीचं दार आतून उघडून बाहेरून लावायचं. त्यात आमच्याकडचं एकुलतं एक स्वच्छतागृह मॅनेजरच्या केबिनमधून जातं, आणि केबिनमध्ये त्या दिवशी ऑडिटर बसलेले. पहिल्यांदा गेले तेव्हा ऑडिटर हसले. दुसऱ्यांदा गेले तेव्हा त्यांनी चष्मा लावला. त्यानंतर मी केबिनमध्ये दिसले की ते समोरचं रजिस्टर मागे उलटून आधीच्या पानांवर जायचे. कॅशियर घामाघूम, चेहरा लाल, दर काही मिनिटांनी काउंटर सोडून आत पळते. त्यांच्या जागी मी असते तर मीही कॅश मोजायला घेतली असती. त्यांनी घेतली. रुपया न् रुपया जुळला. तेवढ्या वेळात मी आणखी एकदा जाऊन आले.

मग मात्र सावंतवाडीच्या लेडी डॉक्टरांकडे गेले. त्यांनी आधी ओरडून घेतलं. मूत्रपिंडाची तपासणी केली होती का? मूत्रपिंड नीट चालत नसेल तर हे मॅग्नेशियम बाहेर पडत नाही, रक्तात साठतं. थायरॉईडची गोळी घेता ना? मग दोन्हींत चार तासांचं अंतर ठेवायचं, नाहीतर थायरॉईडची गोळी वाया जाते. पुण्याच्या लेकीला हे माहीत नव्हतं, डबीवरच्या चंद्रालाही नव्हतं.

"आणि वाफांचं काय?" मी विचारलं.

त्यांनी सांगितलं ते मी घरी येऊन पुन्हा वाचून खात्री केली. २०११मध्ये अमेरिकेत जेमतेम पंचवीस बायकांचा एक छोटा प्रयोग झाला. स्तनाच्या कर्करोगातून गेलेल्या बायका, मॅग्नेशियम दिलं, वाफांचा त्रास जवळजवळ निम्म्यावर आला. सगळे खूश. पण त्यात तुलनेला खोटी गोळी नव्हती. मग तशाच २८९ बायकांना घेऊन मोठी चाचणी केली, काहींना मॅग्नेशियम, काहींना नुसतीच दिखाऊ गोळी. २०१५मध्ये निकाल छापून आला: वाफांच्या बाबतीत मॅग्नेशियम त्या दिखाऊ गोळीपेक्षा सरस ठरलं नाही. जुलाब मात्र मॅग्नेशियमवाल्यांना जास्त झाले. त्या चाचणीत दिलं होतं ऑक्साइडच. मी वाचलं आणि त्या अनोळखी अमेरिकन बायकांबद्दल मला एकदम बहिणीसारखी माया वाटली. त्यांच्याही ऑफिसात ऑडिटर आले असतील.

वाफांवर सगळ्यात परिणामकारक उपचार हॉर्मोनचेच, पण ते प्रत्येकीला देता येत नाहीत. रक्ताच्या गुठळ्या, कर्करोगाचा इतिहास सगळं बघून ठरवावं लागतं. डॉक्टरांनी माझ्या तपासण्या लिहून दिल्या. "तोवर ते ग्लायसिनेट घ्यायचं असेल तर घ्या. झोपेसाठी पुरावा तसा लुकडाच आहे, पण अपाय नाही. फक्त माझ्यासमोर त्याचं कौतुक नको."

आता माझा दिवस एसटीच्या वेळापत्रकासारखा आखलेला आहे. पहाटे उपाशीपोटी थायरॉईड. त्यानंतर अर्धा-पाऊण तास चहा नाही, आणि चहाशिवायच्या त्या वेळात माझ्याशी कोणी बोलायचं नाही. दुपारी जेवणानंतर कॅल्शियम. रात्री मॅग्नेशियम. सासूबाई सगळं बघतात आणि एवढंच म्हणतात, "आमच्या वेळाक असला काय नाय होता. जावची ती गेली आपली." पण परवा मी कपडे काढायला मागे गेले तेव्हा त्या शेजारणीला सांगत होत्या, की गेली तेव्हा दोन वर्षं त्या रात्री उठून विहिरीवर जायच्या आणि कळशीभर पाणी डोक्यावर ओतायच्या. घरात सगळ्यांना वाटायचं, काहीतरी व्रत आहे.

तर झोप. लागते. पूर्वीपेक्षा बरी लागते. मॅग्नेशियमने लागते, की मी आता घेतेय या समाधानाने, की श्रावणात हवा गार झालीय म्हणून, देव जाणे आणि ती दिखाऊ गोळी जाणे. वाफा आपल्या वेळेवर येतात. काउंटरवर मात्र आता कोणी घाबरत नाही, कारण त्या मासेवालीने सगळ्या बाजारात सांगून ठेवलंय की कॅशवालीला मॅग्नेशियम लागतं. रांगेतल्या बायका पासबुक सरकवता सरकवता खालच्या आवाजात विचारतात, "ता तुमचा मॅग्नेशियम केवढ्याक गो?" मी आधी मूत्रपिंडाचं विचारते, मग थायरॉईडचं, मग ऑक्साइडपासून सावध करते. एकीला तर ठेवीच्या पावतीच्या मागे लिहून दिलं.

एक गोष्ट मात्र जुळेना. माझी डबी फार लवकर संपू लागली. रोज एक गोळी या हिशेबाने जी महिना-दोन महिने पुरावी, ती पंधरवड्यात तळाला. मी कॅशियर आहे, शिल्लक न जुळणं मला सहन होत नाही. शेवटी एका रात्री पाणी प्यायला उठले तर फ्रिजसमोर नवरा, हातात डबी. पायात गोळे येतात म्हणे. आणि गुरुजींनाही येतात, म्हणून तो त्यांनाही नेऊन देत होता. डॉक्टरांना विचारलं का? नाही. "तुका चलता मगे आमका कित्याक नाय?"

दुसऱ्या दिवशी लेकीचा फोन आला. तिने तिसरी डबी मागवली होती आणि तिला हिशेब लागत नव्हता. मी स्वयंपाकघरात होते, फोन त्याने घेतला. जन्मात ज्याने तो शब्द तोंडातून काढला नव्हता, तो पडवीत सगळ्या वाडीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगत होता, "लवकर सपतली? काय करतलंय बाये, तुझ्या आवशीचो मेनोपॉज सध्या जोरात आसा!"