एकच टाका आहे

आज डोकं फिरलंय, त्यामुळे पोस्ट लांब होणार. वेळ नसेल तर पुढे सरका.

सकाळपासून आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये गेटच्या नव्या चौकटीचं वेल्डिंग चालू होतं. कारागीर एक आणि हाताखाली एक पोरगं, अठराचं असेल-नसेल. पोरगं उकिडवं बसून दोन्ही हातांनी लोखंडी अँगल गुण्याला, म्हणजे काटकोनात, धरून होतं. तोंड डाव्या खांद्याकडे वळवलेलं, डोळे गच्च मिटलेले. रॉड टेकला की समोरच्या पांढऱ्या टाइल्स निळ्या व्हायच्या आणि त्याच्या पापण्या आणखी आवळायच्या. डोळ्यांसमोर धरायची काळ्या काचेची स्क्रीन नव्हती का? होती ना. भिंतीशी आडवी पडलेली, तिच्यावर चहाचे दोन ग्लास.

मी म्हटलं, "अहो, स्क्रीन घ्या की हातात." तर म्हणे, "दादा, एकच टाका आहे." टाका म्हणजे तुकडे जागेवर धरायला मारलेला वेल्डिंगचा छोटा ठिपका.

हे वाक्य ऐकत मी लहानाचा मोठा झालोय.

अण्णांचं मिरजेत फॅब्रिकेशनचं दुकान होतं. नववीच्या मे महिन्याच्या सुट्टीत एका गोठ्याच्या शेडच्या कैच्या (छपराचे त्रिकोणी सांगाडे) करायच्या होत्या आणि हेल्पर नेमका गावी गेलेला. मग अँगल धरायला मी. "तिकडं बघ, एकच टाका आहे." असे दिवसभरात शंभरेक टाके झाले असतील. संध्याकाळी मी ठणठणीत. क्रिकेट खेळलो, जेवलो, झोपलो. रात्री एकच्या सुमारास जागा झालो तो ओरडतच. डोळ्यांत कुणी मूठभर वाळू घालून वरून चोळतंय असं वाटत होतं. उघडावे तर झिरो बल्बसुद्धा टोचायचा, मिटावे तर पापणीच घासायची.

यातला हरामखोरपणा हाच आहे. आर्कमधले अतिनील किरण बुबुळावरचा पारदर्शक पडदा भाजतात, पण ते कळतं सहा ते बारा तासांनी. तोवर काम संपलेलं असतं, पैसे घेऊन सगळे पांगलेले असतात. ज्याच्या कामासाठी भाजलं त्याला काहीच दिसत नाही. जे काय व्हायचं ते रात्री, त्या पोराच्या खोलीवर.

आणि तोंड फिरवून काय होतं हो? उजेड भिंतीवरून, टाइल्सवरून परत येतोच की. वेल्डर निदान टाक्यापुरते डोळे मिटून मोकळा होतो, हेल्परला तर रॉड कधी टेकणार हेही कळत नाही. रस्त्यावरचा काळा गॉगलही कामाचा नाही. साध्या कामाला दहा-अकरा नंबरची गडद काच लागते, आणि ती चहा-वड्याच्या पैशात मिळते. आमच्या ग्रुपवर एका काकांनी त्या कारागिराचा फोटो टाकून लिहिलं, 'डोळे मिटून काम, याला म्हणतात हात बसणं!' खाली अकरा अंगठे. चौकटीचा भाव पाडताना घासाघीस करणारेही हेच, बरं का.

मान्य, स्क्रीन तोंडासमोर धरली की रॉड टेकेपर्यंत मिट्ट काळोख असतो, टाका हुकतो. आणि बरेच कारागीर दिली तरी वापरत नाहीत, हेही खरं. पण मग पोराला का बसवता तिथे?

कायदा आहे. २०२५ पर्यंत कारखाना कायदा, १९४८ होता, त्याचं कलम ३५ डोळ्यांच्या संरक्षणाचं; आता त्याच्या जागी नवी संहिता आलीय. पण आमचं पार्किंग म्हणजे कारखाना थोडाच!

त्या रात्री आईने बटाट्याच्या चकत्या डोळ्यांवर ठेवल्या. गार वाटलं, बास. भाजलेलं आपल्या वेळेनेच भरतं, एक-दोन दिवसांत. शेजारचे एकजण मेडिकलमधून सुन्न करणारे थेंब आणतो म्हणाले, ते आणले नाहीत हे नशीब. त्यांनी दुखणं थांबतं, पण परत परत घातले तर जखम भरत नाही, आणखी बिघडते. गूळ खाल्ला की गॅल्व्हनाइज्ड, म्हणजे जस्त चढवलेल्या, पाइपच्या वेल्डिंगचा धूर उतरतो म्हणतात, बटाटा हाही त्यातलाच प्रकार. त्या पांढऱ्या धुराने रात्री हुडहुडी भरून ताप आलेले अण्णा मी पाहिलेत, गूळ खाऊनसुद्धा.

अण्णा त्या रात्री झोपले नाहीत. अंधारात माझ्या उशाशी बसून ओला पंचा पिळत होते. एक शब्द नाही. मला दिसत काहीच नव्हतं, फक्त पाण्याचा आवाज आणि त्यांच्या हाताला येणारा जळक्या रॉडचा वास. तिसऱ्या दिवशी दुकानात गेलो तर खुंटीवर दुसरी स्क्रीन. नवी. माझा हात पोचेल इतक्या उंचीवर खिळा ठोकलेला. स्वतः मात्र शेवटपर्यंत टाका मारताना डोळे मिटायचे. त्यांच्यावर रागावू की काय करू, अजून कळत नाही.

दुपारी मी घरातली जुनी स्क्रीन खाली नेऊन पोराला दिली. लाजून हसला. "दोन्ही हात अडकलेत ना दादा, धरू कशी?" खरंच की. मला हे सुचलंच नव्हतं. डोक्यावर बसवायची आणायला हवी होती. मी परत वर आलो आणि लॅपटॉप उघडला. हेही लिहितो, लपवत नाही.

आता साडेअकरा वाजलेत. मगाशी न राहवून कारागिराला फोन केला. पोरगं कसंय विचारलं.

"काही नाही हो दादा, बटाटा लावून पडलाय. सकाळी येईल कामाला."