निवेदकाची निवड : शिरोलीच्या एका उद्योजकांच्या प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

व्यावसायिक कार्यक्रमासाठी सूत्रसंचालक कसा निवडावा, या माझ्या लेखावर आपण सविस्तर आणि परखड प्रतिक्रिया लिहिलीत, याबद्दल मनापासून आभार. आपले म्हणणे थोडक्यात असे : मी व्यावसायिक निवेदकांची तरफदारी केली आहे, आपल्या फाउंड्रीत, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यात, मनुष्यबळ विभागातील एक ताई हे काम गेली अनेक वर्षे एक रुपयाही न घेता उत्तम करतात, खर्च करायचाच असेल तर मालिकेतला ओळखीचा चेहरा आणावा, म्हणजे निदान लोक तरी येतात, आणि परप्रांतांतून व परदेशांतून ग्राहक येणाऱ्या कारखान्याला माझा मराठीचा आग्रह परवडणारा नाही.

आपल्या कार्यालयातील ताईंबद्दल आपण जे लिहिले आहे ते मला मान्य आहे, आणि माझ्या लेखातील ‘कोणत्याही व्यावसायिक कार्यक्रमाला बाहेरचाच निवेदक हवा’ हे वाक्य चुकीचे होते. ४ मार्चचा राष्ट्रीय सुरक्षा दिन, दसऱ्याची यंत्रपूजा, वीस-पंचवीस वर्षे सेवा केलेल्या कामगारांचा सत्कार, अशा प्रसंगी समोर बसलेला माणूस साचे बनवणाऱ्या मोल्डिंगचा की ओतीव भाग साफ करणाऱ्या फेटलिंगचा, भट्टीवर रात्रपाळी करणारा कोण आणि सगळे ज्याला टोपणनावाने हाक मारतात तो कोण, हे ज्याला ठाऊक आहे त्यानेच माईक हातात घ्यावा. बाहेरून आलेला निवेदक कितीही तयारीचा असला तरी ती ओळख चार दिवसांत कमावू शकत नाही. मात्र आपल्या प्रतिक्रियेतील ‘एक रुपयाही न घेता’ हे शब्द मला खटकले. त्या ताई संहिता रात्री घरी बसून लिहीत असतील, आणि कार्यक्रमाच्या दिवशी नोंदणीचे टेबल, पुष्पगुच्छ व पाहुण्यांची गाडीही त्यांच्याकडेच असेल, तर ते काम फुकट होत नाही. त्याचा भार फक्त त्यांच्या एकट्यावर पडतो. त्यांना तयारीसाठी कामाच्या वेळेतले दोन दिवस द्यावेत आणि त्या दिवशी दुसरी कोणतीही जबाबदारी देऊ नये, एवढी विनंती करतो.

आतल्या माणसाची एक अडचण मात्र आपल्या लक्षात आणून देतो. दहा मिनिटे ठरलेले मनोगत साहेबांनी चाळीस मिनिटांवर नेले, तर जी व्यक्ती दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच साहेबांपुढे रजेचा अर्ज घेऊन जाणार आहे, ती त्यांना चिठ्ठी पाठवू शकत नाही. बाहेरच्या निवेदकाला ते जमते, आणि ते त्याचे कामच आहे. ही गोष्ट वरवर क्षुल्लक वाटते. पण कार्यक्रम हिरवळीवर असेल तर रात्री १० वाजता ध्वनिवर्धक बंद करावा लागतो, कारण २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार उघड्यावर रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत तो वापरता येत नाही. प्रमुख पाहुणे तासभर उशिरा आले, तर तो तास कोठून भरून काढायचा, कोणता परिचय तीन ओळींत आटोपायचा आणि कोणता सत्कार काहीही झाले तरी घाईत उरकायचा नाही, हे ज्याला आधीपासून माहीत आहे तोच माणूस शेवटच्या वितरकाला त्याचा मान मिळवून देऊ शकतो.

ओघात आपण वार्षिक सर्वसाधारण सभेचाही उल्लेख केला आहे. तेथे मी निवेदक सुचवणार नाही. ती सभा अध्यक्षांची असते; कंपनी अधिनियम, २०१३च्या कलम १०४ मध्ये सभेच्या अध्यक्षाची निवड कशी व्हावी हे सांगितले आहे, आणि ठराव मतास टाकणे हे त्या अध्यक्षाचेच काम आहे. निवेदकाने फार तर स्वागत करावे, आभार मानावेत आणि मधल्या वेळात माईकपासून दूर राहावे. उत्साही सूत्रसंचालकाने ‘हा ठराव टाळ्यांच्या गजरात मंजूर करू या’ असे म्हणणे कोणत्याही सभेला शोभत नाही.

आता मालिकेतल्या चेहऱ्याबद्दल. येथे मला आपले म्हणणे मुळीच पटत नाही, आणि त्यामागे एक अनुभव आहे, जो मूळ लेखात लिहिण्याचे मी टाळले होते. काही वर्षांपूर्वी शेतीसाठी लागणाऱ्या वस्तू बनवणाऱ्या एका कंपनीच्या वितरक मेळाव्याची व्यवस्था माझ्याकडे होती. सांगली, सोलापूर, लातूर, अमरावती अशा ठिकाणांहून वितरक सहकुटुंब आले होते. सूत्रसंचालनासाठी एक लोकप्रिय अभिनेता ठरवला होता. तो चित्रीकरण संपवून कार्यक्रमाच्या अर्धा तास आधी पोहोचला आणि सत्कारमूर्तींची यादी त्याच्या हाती पडली ती रंगमंचाच्या पायऱ्यांवर. त्या यादीत एका ज्येष्ठ वितरकांच्या नावाआधी ‘कै.’ होते. त्याने ते ‘श्री.’ समजून नाव पुकारले, कोणी उठत नाही असे पाहिल्यावर त्याच्या नेहमीच्या खेळकर आवाजात ‘काका, लाजताय काय, या वर’ असे म्हटले, आणि पार्श्वसंगीतवाल्याने ठरल्याप्रमाणे ढोलाचा ठेका सुरू केला. तिसऱ्या रांगेतून त्यांचा मुलगा आईचा हात धरून उठला. त्या माउली वर आल्या, त्यांनी सन्मानचिन्ह घेतले, नमस्कार केला आणि खाली उतरून जेवणासाठी न थांबता थेट गाडीकडे गेल्या. त्यांच्यामागोमाग त्यांच्या तालुक्यातले सात-आठ वितरकही उठून गेले.

त्या अभिनेत्याला मी दोष देत नाही. ती यादी त्याच्याकडे पाच दिवस आधी पोहोचायला हवी होती, आणि ते काम माझे होते. पण तेव्हापासून माझी एक खात्री झाली आहे की, निवेदक निवडताना त्याचा आवाज, चेहरा आणि प्रसिद्धी यांच्या आधी तो आपल्याला तयारीसाठी किती वेळ देणार आहे, हे विचारले पाहिजे. ज्याच्याकडे तो वेळ नाही, त्याला पाहुणा म्हणून बोलवावे. पंधरा मिनिटे त्याने लोकांशी बोलावे, छायाचित्रे काढून द्यावीत, मानाने निघावे. सूत्रे दुसऱ्याच्या हाती असावीत. वितरक मेळाव्याला येतो तो नव्या हंगामाची योजना ऐकायला, गेल्या वर्षीच्या तक्रारीचे काय झाले ते विचारायला आणि आपले नाव चार लोकांत नीट घेतले जाते का ते पाहायला. अभिनेता माईकवर असेपर्यंत सगळे फोन त्याच्याकडे रोखलेले असतात, आणि उधारीची मुदत वाढवल्याची घोषणा त्या गर्दीत कोणाच्या कानावरही पडत नाही.

‘निवेदन हा काय व्यवसाय आहे का’ असा प्रश्नही आपण केला आहे. मराठीत सुधीर गाडगीळ यांच्यासारख्यांनी आयुष्यभर तो व्यवसाय म्हणून केला आणि प्रतिष्ठेने केला, हे आपणही पाहिले असेल. त्यासाठी लागणारी पात्रता ओळखणे मी लेखात लिहिले त्याहून सोपे आहे. निवेदकाशी फोनवर दहा मिनिटे बोलावे आणि प्रश्न कोण विचारतो आहे याकडे लक्ष ठेवावे. समोर कोण बसणार आहे, त्यांच्यापैकी कोणाचे कोणाशी पटत नाही, कंपनीच्या दृष्टीने या संध्याकाळी कोणती एक गोष्ट घडायलाच हवी, जेवण आधी आहे की नंतर, हे सगळे तो विचारत असेल तर अर्धी निवड झालीच. नमुना म्हणून तो उत्तम क्षण जोडलेली दोन मिनिटांची चित्रफीत पाठवील. ती बाजूला ठेवून एखाद्या कार्यक्रमाचे सलग, न कापलेले चित्रण मागावे आणि त्यातला वीज गेलेला, संगणक अडकलेला किंवा पाहुणे न आलेला भाग पाहावा. तेव्हा तो चारोळ्या ऐकवत राहतो की समोरच्या श्रोत्यांतल्याच काहींना बोलते करतो, यावरून त्याची खरी पारख होते.

भाषेबद्दल माझा आग्रह मी नीट मांडला नाही, हे कबूल करतो. जर्मनीहून आलेल्या खरेदीदारांपुढे इंग्रजीच हवी, आणि निपाणी-चिकोडीकडचे वितरक बहुसंख्य असतील तर मराठीबरोबर कन्नडमधले स्वागत त्यांना सुखावेल. माझे म्हणणे इतकेच की, ज्यांच्यासाठी कार्यक्रम आहे त्यांच्या भाषेत तो व्हावा. व्यासपीठावरच्यांना कोणती भाषा रुबाबदार वाटते त्यावरून ठरू नये. दोन भाषा वापरायच्या तर प्रत्येक वाक्य दोनदा बोलू नये, त्याने ऐकणारे दोघेही कंटाळतात. विषय वाटून घ्यावेत, तांत्रिक सादरीकरण इंग्रजीत, सत्कार मराठीत. परकी नावे कागदावर वाचून कधीच नीट उच्चारता येत नाहीत. पाहुण्यांच्या सहायकाकडून ते नाव ध्वनिमुद्रित करून मागवावे आणि निवेदकाने ते मोठ्याने म्हणून सराव करावा.

मानधनाच्या बाबतीत आपण हिशेबी आहात ते योग्यच आहे. प्रवास, मुक्काम, संहितालेखन आणि आदल्या दिवशीची रंगीत तालीम त्यात धरली आहे का, आणि निवेदक नोंदणीकृत असेल तर १८ टक्के जीएसटी त्यात आहे की वेगळा, हे लेखी ठरवून घ्यावे.

आपल्या फाउंड्रीच्या सुवर्णमहोत्सवासाठी मला असे सुचवावेसे वाटते की, सकाळच्या कामगार सत्काराचे सूत्रसंचालन आपल्या ताईंनीच करावे, आणि संध्याकाळच्या ग्राहक मेळाव्यासाठी बाहेरचा निवेदक घ्यावा. त्याने आदल्या दिवशी येऊन तो सकाळचा कार्यक्रमही मागे बसून पाहावा, म्हणजे संध्याकाळी आपल्या माणसांची नावे त्याच्या तोंडून परक्यासारखी येणार नाहीत. ‘बाहेरचाच निवेदक हवा’ हे माझे वाक्य मी आज मूळ लेखातून काढले असून तेथे आपल्या आक्षेपाचा उल्लेख केला आहे. सत्कारमूर्तींची यादी मात्र, ती कोणाकडेही जावो, किमान पाच दिवस आधी पाठवावी, आणि ज्या नावाआधी ‘कै.’ आहे त्याखाली लाल शाईने रेघ ओढावी.